पूररेषेबाहेरचा प्लॉट आणि पाणथळीलगतचा प्लॉट

कोल्हापुरात प्लॉट दाखवताना हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "पूररेषेच्या बाहेर आहे, काळजी नको." २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शहरात हा प्रश्न आधी विचारला जाणं रास्तच आहे. पण रेखांकन, म्हणजे प्लॉट पाडलेली जमीन, तळ्याकाठी किंवा बारमाही ओलीच्या खोलगटीत असेल, तर या उत्तराने अर्धंच काम होतं. पूररेषा नदीच्या पुराची असते. पाणथळीची, म्हणजे अशा कायम ओल्या जागेची, हद्द वेगळी, तिचा कायदा वेगळा आणि ती पाहणारी यंत्रणाही वेगळी.

पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा निषिद्ध आहे. तिथे बाग, पार्किंग, उघडी भाजी मंडई चालते, घर चालत नाही. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर.

ही पातळी काढतानाच चूक होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट सगळ्यांना तोंडपाठ असते, पण ते फूट त्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे. पूररेषेच्या नकाशावरची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. त्यामुळे "त्रेचाळीस फुटाला इथे पाणी नव्हतं" याला पुरावा म्हणता येत नाही. २०२१ मध्ये तीच मोजपट्टी ५६ फुटांवर गेली होती. शिवाय नदीच्या वरच्या अंगाला त्याच दिवशी पाण्याची पातळी जास्त असते, म्हणून आपल्या जागेजवळच्या छेदाची (नदीच्या आडव्या कापाची) पातळी घ्यावी लागते. जयंती नाल्यासारख्या ओढ्यातून पाणी उलटं शिरतं, तेव्हा नदी लांब आहे एवढ्यावर विसंबू नये.

पाणथळीचं गणित याहून निराळं. २०१७ चे पाणथळ संवर्धन व व्यवस्थापन नियम रामसर यादीतल्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीतल्या) आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांना लागू आहेत. गेल्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही, बोटींचे धक्के तेवढे वगळले आहेत. इथे जोतं दीड फूट उचलून सुटका होत नाही. भराव टाकून जागेचा वापर बदलणं, हेच मुळात निषिद्ध आहे. अधिसूचना निघाली नाही म्हणून जागा मोकळी झाली असंही नाही: सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या, राष्ट्रीय नोंदीतल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण द्यायला सांगितलं आहे. मात्र नदीचं पात्र, भातखाचरं आणि पिण्याच्या किंवा सिंचनाच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव पाणथळीच्या व्याख्येत येत नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला कळंबा तलाव म्हणूनच नुसता पाणी-पक्षी पाहून पाणथळ ठरवता येणार नाही. आधी नोंद बघावी लागते.

रेखांकन तपासणाऱ्या टेबलावर या दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर हव्यात, हे आमचं ठाम मत. शहरात महापालिकेचा नगररचना विभाग आणि भोवतालच्या ४२ गावांत नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण प्रस्ताव बघतं. मोजणीची 'क' प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा), समतल रेषांचा म्हणजे जमिनीचे उंचसखल दाखवणारा नकाशा, जलसंपदाने प्रमाणित केलेली निळी-लाल रेषा आणि जिल्हा पाणथळ समितीकडून जागेच्या नोंदीबाबत लेखी उत्तर, एवढं एकत्र मागावं. जलसंपदाचा दाखला पाणथळीबद्दल काहीच सांगत नाही. तरी तोच 'ना हरकत' म्हणून फाईलला जोडला जातो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते खुल्या जागेकडे. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के खुली जागा सोडावी लागते आणि ती हमखास पाण्याच्या कडेला ढकलली जाते. निळ्या रेषेच्या आत बाग म्हणून ती चालू शकेल. पाणथळीत मात्र मुरूम टाकून, लॉन लावून केलेली बागही वापरबदलच. अडवलेलं पाणी मग शेजारच्या शेतात तुंबतं. इसार देण्याआधी खुली जागा आणि शेवटच्या ओळीतले प्लॉट पाण्याच्या कडेपासून किती मीटरवर आहेत, ते मंजूर नकाशावर पट्टी लावून स्वतः मोजावं.