आठवणींचं पुस्तक करायचं मनात असेल, तर आधी हे वाचा

आमचं छपाईचं दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दूधसंस्थांचे वार्षिक अहवाल ही आमची रोजची भाकरी. आठवणींची पुस्तकं हे काम आम्ही ठरवून सुरू केलं नाही, ते गळ्यात पडलं आणि मग आवडायला लागलं. नातवाच्या बारशाची पत्रिका छापायला आलेला माणूस प्रूफ निघेपर्यंत बाकावर बसायचा आणि चहा पिता पिता म्हणायचा, "आमचं बी एक पुस्तक हुईल बघा." असं म्हणणारे रग्गड, वही घेऊन येणारा एखादाच. बाकीच्यांचं घोडं कुठं अडतं, ते आता आमच्या ध्यानात आलंय. हे पत्रक त्यांच्यासाठी.

"आमच्यात काय सांगण्यासारखं?"

आम्ही पुढारी नाही, पैलवान नाही, सिनेमात नव्हतो, मग कोण वाचणार? पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर आम्ही एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगून देतो. (त्यांची परवानगी आहे, नाव मात्र लिहीत नाही.)

उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर (ओतकामाचे वाळूचे साचे करणारा) म्हणून जन्म काढलेले एक काका दोनशेपानी वही घेऊन आले. पहिली ओळ होती, 'माझा जन्म एका गरीब पण सुसंस्कृत कुटुंबात झाला.' ही ओळ आमच्याकडं येणाऱ्या जवळपास प्रत्येक वहीत असते. आम्ही ती प्रेमानं वाचतो आणि बाजूला ठेवतो. पुढं चाळीस पानांत शिक्षण, नोकरी, लग्न, मुलांची शिक्षणं, घर बांधलं, निवृत्तीचा सत्कार. फौंड्रीतलं काम कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते कशाला? ते रोजचंच की."

मग त्यांच्या मनगटावरच्या डागाविषयी विचारलं. काका सव्वा तास बोलले. वाळूची ओल कशी बघायची, ते त्यांनी रिकाम्या मुठीनं दाखवलं: वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला पाहिजे, लाडवासारखा. भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर ओली. त्या पावसाळ्यात रात्री पत्र्यातून पाणी गळून साच्याची एक पेटी आतून ओली झाली होती, वरून कळत नव्हतं. वितळलेल्या धातूचा रस ओतला, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि वाट मिळाली तिथनं उसळली. "दिवाळीतल्या भुईनळ्यासारखं," काका म्हणाले. शेजारच्या पोरानं ढकललं म्हणून डोळे वाचले, मनगटावर निभावलं. त्या पोराचं पुढं काय झालं म्हणून विचारल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. त्यांना माहीत नव्हतं.

पुस्तकाचं पहिलं प्रकरण तिथनं सुरू होतं. गरीब पण सुसंस्कृत कुटुंब सतराव्या पानावर आलं. काकांचा इंजिनिअर झालेला मुलगा प्रूफं वाचायला बसला होता. वाळूचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

तेव्हा 'रोजचंच की' म्हणून जे तुम्ही गाळता, ते आधी सांगा. म्हशीची धार, एसटीची तिकिटाची पेटी, गुऱ्हाळातल्या काहिलीला चटका बसू न देणं, चपलेची वेणी घालणं, बालवाडीतल्या पोरांचे शेंबूड. सत्काराचा फोटो शेवटी छापू, त्याची काळजी नको.

तुमची भाषा तुमचीच राहील

इथं आमची एक चूक कबूल करतो. सुरुवातीच्या काळात एका अण्णांचं पुस्तक केलं. त्यांनी सांगितलं होतं, 'आमी रंकाळ्याला गेल्तो.' आम्ही शहाणपणानं 'आम्ही रंकाळा तलावावर फिरावयास गेलो होतो' असं छापलं. अख्खं पुस्तक तसंच. प्रकाशनाआधीच अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांची लेक आली, चार पानं वाचली आणि म्हणाली, "छपाई चांगली आहे. पण हे आमचे अण्णा न्हवंत." पदरचा कागद घालून आम्ही ते पुन्हा छापलं. रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं होतं म्हणून ते जमलं.

तेव्हापासून काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो, गोष्ट दोनदा आली तर एकदा काढतो, पण तोंडचा शब्द बदलत नाही. शिवी असेल तर विचारून ठेवतो. कोल्हापुरात प्रेमाच्या आणि रागाच्या शिव्या वेगळ्या असतात, आणि पुण्या-मुंबईत वाढलेल्या नातवंडांना तो फरक पुस्तकातनंच कळणार.

काम कसं चालतं

लिहिता येत असेल तर लिहा. वही कसलीही चालते, फक्त कागदाच्या एकाच बाजूला आणि दोन ओळींत जागा सोडून. मोबाइलवर टाइप केलेलं चालतं, कॉम्प्युटरवर करत असाल तर युनिकोडमध्येच (मोबाइलवर मराठी ज्या पद्धतीत उमटतं ती) करा. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्या कॉम्प्युटरवर उघडली की जोडाक्षरांची खिचडी होते आणि ती निवडत बसायला टायपिंगपेक्षा जास्त वेळ जातो.

बहुतेक जण बोलून सांगणं पसंत करतात. आम्ही घरी येतो. एका वेळी पाऊण तास, फार तर एक तास. पंखा शक्यतो बंद, टीव्ही नक्की बंद, आणि कुकर लावायचा असेल तर आधी लावून घ्या. दोन बैठकांत चार-पाच दिवसांचं अंतर ठेवतो, कारण खरी आठवण रेकॉर्डर बंद झाल्यावर, रात्री अंथरुणात येते. ती पुढच्या वेळेला सांगायची. साधारण एका तासाच्या बोलण्याचे पाच हजार शब्द होतात, साफसूफ केल्यावर निम्मे उरतात.

एक विनंती. आजींची बैठक असेल तेव्हा आजोबांना रंकाळ्यावर फिरायला पाठवा. हे गमतीनं लिहिलेलं नाही. आजोबा शेजारी असले की आजी प्रत्येक वाक्य अर्धं सोडून त्यांच्याकडं बघतात आणि पुस्तक आजोबांचंच होतं.

तारखा आठवत नाहीत

नसूद्यात. जुन्या पिढीत निम्म्या गल्लीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत घालताना मास्तरांनी वय बसवून तारीख टाकलेली. आम्ही वर्ष विचारत नाही, खुणा विचारतो. संस्थान विलीन झालं तेव्हा (१ मार्च १९४९) तुम्ही केवढे होता? आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा (१ एप्रिल १९५७) दुकानात कोण बसायचं? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७, पहाटे), बहात्तरचा दुष्काळ, १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण, ज्या दिवशी दारं लावून बसायला सांगितलं होतं. अलीकडचं असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आहेतच. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ आहे. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा घरातलं आधी काय उचललं? या एका प्रश्नावर एकेक प्रकरण होतं.

एक आजी सांगत होत्या, भूकंपाला फडताळातली भांडी पडली तेव्हा धाकटा रांगत होता. दाखल्यावर त्याचा जन्म १ जून १९६६. म्हणजे दीड वर्षाचं पोर अजून रांगतच होतं म्हणायचं! आजींचं बरोबर, दाखल्याचं चूक. पुस्तकात आम्ही दोन्ही छापलं. सरकारी कागदाला हात लावायच्या भानगडीत पडू नका, पेन्शन त्याच्यावर चालते.

भावकी, भांडणं आणि कायदा

पुस्तक निम्म्यावर आलं की जमिनीची वाटणी येतेच. लिहा, पण जे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढं लिहा. 'थोरल्यानं बांध कोरला' हे तुमच्यासमोर घडलं असेल तर तसं सांगा, 'थोरला पहिल्यापासून चोरच' हा निकाल देऊ नका. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात येतो, आणि माणूस वारला म्हणजे मोकळं रान असं नाही: घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूनं मृताविषयी लिहिलं तरी ते कलम लागू शकतं. अडचणीचं पान वाटलं तर आम्ही खूण करून देतो. पुढं वकिलाला विचारायचं की पान काढायचं, ते तुमच्या हातात. काही जण दोन प्रती वेगळ्या करून घेतात, त्यात सगळं असतं, आणि त्या कपाटात राहतात.

जुनी पत्रं छापायची असतील तर एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पत्राचा कागद तुमचा, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागं त्याच्या वारसांचा. मामांनी लिहिलेलं पत्र असेल तर मामेभावाला विचारा. सिनेमातल्या गाण्याच्या ओळी प्रकरणावर टाकायचा मोह तर सगळ्यांना होतो. तो टाळा.

तुमच्या पुस्तकाचा कॉपीराइट तुमचाच. काम संपल्यावर रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून देतो. आमच्याकडं ते वर्षभर राहतं, मग पुसतो.

पेटीतले कागद, भिंतीवरचे फोटो

पत्र्याची पेटी झाडू नका, आहे तशी दाखवा. पगाराची चिठ्ठी, रेशनकार्ड, लग्नाचा आहेर लिहिलेली वही (ही तर सोन्यासारखी, कुणी पाच रुपये घातले आणि कुणी नुसता नारळ दिला ते सगळं त्यात असतं). मोडीतले कागद आम्हाला वाचता येत नाहीत, पण मोडी वाचणारे जाणकार शहरात आहेत, त्यांच्याकडं पाठवतो. घराण्याचा संबंध करवीर दरबाराशी असेल तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचं दप्तर आहे. तिथं अर्ज करून बघायला हरकत नाही.

फोटो आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करून तिथल्या तिथं परत देतो, अल्बम ठेवून घेत नाही. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, निम्मा चेहरा काचेवर राहतो. काचेसकट आणा. फोटोच्या मागं कुणाचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर तेही दाखवा. आणि पुढच्या पुराची गोष्ट, नको यायला, पण आला तर: भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो वाळवू नका. गार स्वच्छ पाण्यात ठेवा, सावकाश सुटे करा आणि मग सावलीत वाळवा.

छपाई

डेमी आकार (नेहमीच्या कादंबरीएवढा), एकदम छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणून पानांची संख्या सोळाच्या पटीत धरतो. एका पानावर अडीचशेच्या थोडे वर शब्द बसतात. दहा-बारा तासांच्या बोलण्यातनं ११२ पानांचं पुस्तक होतं. अक्षर मोठं ठेवतो, कारण पहिले वाचक तुमच्याच वयाचे असतात. शंभराच्या आत प्रती असतील तर डिजिटल परवडतं. ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावायचा खर्च पन्नास प्रतींना जेवढा, तेवढाच पाचशेंना. म्हणून लोक पाचशे म्हणतात आणि चारशेचे गठ्ठे कॉटखाली जातात. पन्नास काढा. संपल्या तर पुन्हा काढू, फाइल आहेच. बाइंडिंग शिलाईचं घ्या, नुसत्या डिंकाचं वरचेवर उघडलं की पानं सुटतात. कागदाचे भाव हलत असतात, म्हणून दर या पत्रकात नाहीत, वेगळ्या चिठ्ठीवर तारीख घालून देतो.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घरापुरत्या पुस्तकाला लागत नाही. विक्रीला काढणार असाल तर घ्या. तो सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, कुणी त्याचे पैसे मागितले तर ते त्याच्या धावपळीचे समजा. रीतसर प्रकाशित केलंत तर १९५४ च्या कायद्यानं कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरवून दिलेली इतर ग्रंथालयं यांना प्रकाशकानं स्वखर्चानं प्रत पाठवायची असते. पार्सल आम्ही करून देतो.

यायचं कसं

पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. वही लिहून झाल्यावरच यायचं असं काही नाही. घरातली एक जुनी वस्तू घेऊन या, अडकित्ता, गेटपास, चष्म्याची डबी, काहीही. सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी दहा ते आठ, दुपारी पण उघडं, आम्ही पुण्यातले नव्हे. दुकानाला तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. गुडघे दुखत असतील तर खालूनच हाक मारा, आम्ही स्टूल घेऊन खाली येतो.