शाखा चुकली म्हणजे पुढचे रस्ते बंद?

मेकॅनिकलचं तिसरं सेमिस्टर, दोन विषय राहिलेले, म्हणजे दोन केट्या, कपाटावर गुंडाळून ठेवलेल्या ड्रॉइंग शीट्स. भाच्याचं मन कधीच उडालंय. पण घरात एकच पालुपद: "ज्यात डिग्री, त्यातच पुढचं. आता बदललंस तर सगळं पाण्यात."

असं काही नसतं. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या गटाला किमान ४५ टक्के हवेत, इतकंच. एमबीएसाठीच्या कॅट प्रवेश परीक्षेलाही शाखेची अट नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी पुरते, मुक्त विद्यापीठाचीसुद्धा. एमएस्सी फिजिक्ससारख्या ठिकाणी मात्र मूळ विषय विचारतात.

आणि सोडायलाच हवं असंही नाही. २०२२ पासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे. आपल्या विद्यापीठात विचारून, इंजिनिअरिंग चालू ठेवत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करून बघता येतं. आवड खरी की नुसता केटीचा वैताग, हे दोन-चार पुस्तकं वाचतानाच कळतं.

सोडायचंच ठरलं, तर बारावीची मार्कशीट शिळी होत नाही. बीएचा प्रवेश तिच्यावरच होतो. मधल्या वर्षांसाठी बहुतेक ठिकाणी गॅप सर्टिफिकेट मागतात. म्हणजे एक साधं प्रतिज्ञापत्र.