प्रवाळ-खेकड्यांची रंगावरून ओळख

जिवंत प्रवाळाच्या फांद्यांत राहणाऱ्या लहान खेकड्यांच्या जाती ठरवताना कवच, नांग्या आणि पाय यांवरील रंग, ठिपके व रेघा यांचा आधार घेण्याची ही पद्धत आहे. ती मुख्यतः ट्रॅपेझिया आणि टेट्रालिया या प्रजातींसाठी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) वापरतात. ट्रॅपेझिया बहुतांशी पोसिलोपोरा प्रवाळात आढळतो, तर टेट्रालिया अ‍ॅक्रोपोरात. त्यामुळे खेकडा कोणत्या प्रवाळात सापडला, ही नोंदच ओळखीची पहिली पायरी ठरते. दोन्ही प्रजाती पूर्वी एकाच कुलात, म्हणजे प्रजातींच्या मोठ्या गटात, होत्या. २००४ मध्ये कॅस्ट्रो, इंग आणि अह्याँग या अभ्यासकांनी टेट्रालियासाठी वेगळे कुल केले.

या खेकड्यांत रंगाला एवढे महत्त्व येण्याचे कारण त्यांच्या शरीरातच आहे. खेकड्यांच्या जाती वेगळ्या करताना नराचे जननपाद (समागमासाठी वापरले जाणारे पोटाखालचे अवयव) तपासण्याची रीत आहे, पण इथे जवळच्या जातींत ते फारच सारखे असतात. कवचही सगळ्यांचे गुळगुळीत आणि जवळपास एकाच घडणीचे. उरतो तो रंग. ट्रॅपेझिया रुफोपंक्टाटाच्या फिकट अंगावर, नांग्यांपासून पायांपर्यंत, लाल-नारिंगी गोल ठिपके दाट पसरलेले असतात. ट्रॅपेझिया टिग्रिनाही ठिपक्यांचाच, पण त्याचे ठिपके विरळ असतात. ट्रॅपेझिया गुट्टाटाचे ठिपके मुख्यतः पायांवर दिसतात. ट्रॅपेझिया सेप्टाटा आणि ट्रॅपेझिया अरिओलाटा यांच्या कवचावर मात्र रेघांची जाळी असते. अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञ डेना यांनी १८५२ मध्ये वर्णन केलेल्या या दोन जातींची पुढे अनेकदा गल्लत झाली. टेट्रालिया नायग्रोलिनिआटाची खूण म्हणजे कवचाच्या पुढच्या कडेने गेलेली काळी रेघ.

जुन्या अभ्यासकांना हे सारे दिसलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापुढे असत ते बरणीतले नमुने. कवचातील तांबडी-नारिंगी रंगद्रव्ये अल्कोहोलमध्ये विरघळतात आणि काही काळाने सगळे खेकडे सारखेच फिकट दिसू लागतात. वेगवेगळ्या जाती एकाच जातीचे रंगप्रकार म्हणून नोंदल्या गेल्या, त्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून आज नमुना अल्कोहोलमध्ये टाकण्याआधी त्याचे रंगीत छायाचित्र घेणे मी अनिवार्य मानतो. पाठीबरोबर नांग्यांची बाहेरची बाजू आणि पायही चित्रात आले पाहिजेत.

तरीही रंग एकटा पुरेसा नाही. पिल्लांचा रंग प्रौढांहून वेगळा असू शकतो. ट्रॅपेझिया सायमोडोसीच्या बाबतीत नांगीच्या पंजाच्या बाहेरील बाजूवर असलेली बारीक केसांची लव अधिक भरवशाची, कारण ती बरणीतही टिकते. कपाळाच्या कडेचे दातरे, कवचाच्या बाजूचा काटा आणि नांगीची ठेवण रंगासोबत पाहिली, तरच निदान पक्के होते. शंका राहिलीच तर डीएनए तपासतात.

एक खूण निसर्गातच मिळते. प्रौढ ट्रॅपेझिया बहुधा नर-मादीच्या जोडीने राहतात आणि आपल्याच जातीच्या इतर प्रौढांना त्या प्रवाळातून हुसकावतात. एकाच प्रवाळात दोन वेगळ्या नक्षीच्या जोड्या शांतपणे नांदत असतील, तर त्या दोन जाती असण्याची शक्यता आधी तपासावी.