हरवलेले पॅकेट : जास्तीचे आधीच पाठवावे की परत मागावे?

सोलापुरात होम मैदानावरून गड्डा यात्रेचे थेट चित्र साध्या ब्रॉडबँडवरून दूरच्या स्टुडिओपर्यंत नेता येते, कारण वाटेत हरवलेली पॅकेटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पडद्यावर येण्याची वेळ होण्यापूर्वी भरून काढता येतात. ती कशी भरावीत, यावर प्रसारण क्षेत्रात दीर्घकाळ दोन मते होती : दुरुस्तीपुरती जास्तीची माहिती आधीच सोबत पाठवावी, की हरवलेले तेवढे परत मागावे.

उपग्रह प्रक्षेपणाच्या जुन्या पद्धतीत १८८ बाइटच्या पॅकेटला १९६० सालच्या गणितावर आधारलेले १६ बाइट जोडले जात आणि त्यांतून ८ बिघडलेल्या बाइटपर्यंत दुरुस्ती होई. इंटरनेटवर मात्र अख्खे पॅकेटच गायब होते. इंटरनेटच्या अशा एका पॅकेटमध्ये सहसा १८८ बाइटची ७ पॅकेटे, म्हणजे १३१६ बाइट भरलेले असतात. ते मुख्य फ्रेममधले, म्हणजे ज्या पूर्ण चित्राच्या आधारे पुढची चित्रे रचली जातात त्यातले असेल, तर पुढची मुख्य फ्रेम येईपर्यंत चित्र फुटलेले दिसते.

२००७ साली प्रमाण ठरलेल्या पद्धतीत पॅकेटे ओळी-स्तंभांत मांडून त्यांची एक्सॉर पॅकेटे (प्रत्येक ओळीतल्या किंवा स्तंभातल्या पॅकेटांची बिटवार बेरीज, जिच्यावरून त्यातले हरवलेले एक पॅकेट काढता येते) सोबत पाठवली जातात. १० बाय १० च्या मांडणीत दोन्ही दिशा मिळून २० टक्के जास्तीची बँडविड्थ लागते, तीही काहीच हरवले नसताना. त्या बदल्यात सलग १० पॅकेटे गेली तरी परत मिळतात, पण सेकंदाला ८ मेगाबिटच्या प्रवाहात ती जेमतेम १३ मिलिसेकंदांची असतात. यात्रेच्या गर्दीत मोबाइल जोडणीला पडणारा खंड याहून कितीतरी मोठा असू शकतो.

तरीही परत मागण्याची पद्धत वर्षानुवर्षे नाकारली गेली. टीसीपीत, म्हणजे इंटरनेटवर सगळी माहिती क्रमाने पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, हरवलेल्या तुकड्यासाठी मागचे सगळे किती काळ खोळंबेल याला मर्यादा नसते, आणि थेट प्रसारणात ते चालत नाही, हा आक्षेप रास्त होता. मात्र त्याचे मूळ अमर्याद थांबण्यात होते. ग्राहक यंत्राने प्रत्येक पॅकेट ठरावीक काळ धरून ठेवावे, क्रमांकात पोकळी दिसताच मागणी पाठवावी आणि मुदतीत उत्तर आले नाही तर पुढे जावे, एवढ्याने तो आक्षेप निकाली निघतो. आरटीपी या थेट ध्वनी-चित्र वाहून नेण्याच्या पद्धतीवर पुन्हा पाठवण्याचा आराखडा २००६ सालीच उपलब्ध होता. प्रसारणकर्त्यांनी तो इतका उशिरा मनावर घेतला, ही माझ्या मते मोठी चूक होती.

एसआरटी आणि रिस्ट या मुदतीत परत मागण्यावर आधारलेल्या प्रसारण पद्धती. २०१७ साली एसआरटीचा सोर्स कोड खुला झाला आणि २०१८ साली रिस्टचे पहिले विनिर्देश आले, तेव्हा चित्र पालटले. एसआरटीत थांबण्याची मुदत, वेगळी ठरवली नाही तर, १२० मिलिसेकंद असते. ती फेरीच्या, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याच्या, वेळेच्या चौपट तरी ठेवावी, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. सोलापूर ते मुंबई हे सुमारे ४०० किलोमीटर अंतर प्रकाश तंतूतून जाऊन-येऊन ४ मिलिसेकंदांत कापतो. वाटेतल्या राउटरमुळे ही फेरी बरीच लांबली, तरी एका सेकंदाच्या मुदतीत तेच पॅकेट अनेकदा मागता येते.

एकाच प्रवाहाचे हजारो सेट-टॉप बॉक्स असतील, तिथे मात्र प्रत्येकाची मागणी स्वतंत्रपणे पुरवणे अवघड होते आणि जास्तीची पॅकेटे आजही उपयोगी ठरतात. २०१९ साली एसआरटीतही तीच जुनी ओळी-स्तंभांची सोय जोडली गेली. ती एकटी वापरता येते किंवा परत मागण्याच्या जोडीला.