बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना पगाराचं काम : बेळगाव भागात कागदपत्रं कशी करायची

माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे, उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये बोल्ट-वॉशरच्या पॅकिंगला जातो, आणि महिन्यातून दोन-तीन जण तरी विचारतात की ताई, तुमचं कसं जमलं, आमच्या पोराची शाळा संपली, आता घरात नुसता बसून असतो. म्हणून सगळं एकदाच लिहिते.

पहिलं म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र. ते नसेल तर पुढं बहुतेक ठिकाणी अडतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, जमत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला गाठा (अपंगांच्या कामासाठी नेमलेला माणूस, तालुक्याला एमआरडब्ल्यू असतो), मदत करणं त्यांचं कामच आहे. आधार, नवीन फोटो, सही नाहीतर अंगठा, पत्त्याचा पुरावा, आणि शाळेचे किंवा डॉक्टरचे जुने रिपोर्ट असतील तेवढे न्या. आपल्याकडं खरा घोळ नावाचा होतो, मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, कन्नड रेशन कार्डावर दुसरं, आधारवर इंग्लिश स्पेलिंग तिसरंच. भावाच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलेलं, तेवढ्यावर आमचे चार महिने गेले. आधी आधार नीट करून घ्या, मग सगळीकडं तेच स्पेलिंग.

मग तपासणीला बोलावतात, सरकारी दवाखान्यात. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते, मूल घरी मराठी बोलत असेल तर टेस्ट सुरू व्हायच्या आधीच तसं सांगा. भावाला पहिल्यांदा कन्नडमधून प्रश्न विचारले, तो गप्प बसला, आणि त्याला काहीच येत नाही असं लिहिलं गेलं. बिने-कामत ही बुद्धीची टेस्ट तर मुळात मराठी आणि कन्नड, दोन्ही बोलणाऱ्या मुलांवर बसवलेली आहे, त्यामुळं मराठीत घ्या म्हणायला लाजायचं कारण नाही. सर्टिफिकेटवर 40 टक्के किंवा जास्त लागतात. कार्ड 40 ते 79 ला पिवळं आणि 80 किंवा जास्तला निळं येतं, ते सगळ्या भारतात चालतं, म्हणजे निपाणीच्या पोराला कोल्हापुरात काम लागलं तरी वेगळं काढायला नको. पण पेन्शनसारख्या राज्याच्या योजना राहता त्या राज्यातच, त्याला उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला नाडकचेरीतून (दाखले देणारं महसूल खात्याचं ऑफिस) काढून ठेवा. पगार सुरू झाल्यावर पेन्शनचं काय होणार हे पण तिथंच आधी विचारा, उत्पन्नाची मर्यादा असते.

कामासाठी नॅशनल करिअर सर्व्हिस या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांच्या पोर्टलवर नाव घाला, आणि ट्रेनिंगसाठी पीएम दक्ष या सरकारी योजनेत. त्याला वय 15 ते 59 आणि 40 टक्के, एवढीच मोठी अट. सरकारी नोकरीत अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यानं 4 टक्के जागा अपंगांना आहेत, त्यातली 1 टक्का बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, मानसिक आजार वगैरे सगळ्यांना मिळून, म्हणून नुसत्या त्याच्या भरवशावर थांबू नका. खाजगी कंपनीत 20 किंवा जास्त कामगार असतील तर समान संधी धोरण करणं बंधनकारक आहे, ते बघायला मागा. ईएसआयची (कामगारांचा आरोग्य विमा) पगाराची मर्यादा इतरांना 21,000 आहे, आपल्या मुलांना 25,000, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं.

पगार बँकेतच घ्या, हातात नको. मुलाला सही येते, पैशाचं थोडं कळतं तर खातं त्याच्याच नावानं उघडायचा प्रयत्न करा, कायद्यानं तो हक्क आहे. अगदीच जमत नसेल तर 18 पूर्ण झाल्यावर नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखाली पालकत्वाचा दाखला मिळतो, अर्ज डीसींच्या (जिल्हाधिकारी) अध्यक्षतेखालच्या लोकल लेव्हल कमिटीकडं जातो, आणि बँका तो मानतात.

आता काम टिकवायचं. भावाची पहिली नोकरी तीन आठवड्यात सुटली, कारण अचानक सकाळची शिफ्ट दुपारची केली आणि त्याला कुणी समजावूनच सांगितलं नाही, तो सकाळीच जाऊन गेटवर बसला. आताच्या ठिकाणी मी पहिल्याच दिवशी सुपरवायझरना एका कागदावर लिहून दिलं, एका वेळी एकच काम सांगा, करून दाखवा, बदल असेल तर आदल्या दिवशी मला फोन करा. त्याला 12 मोजता येत नाही, तर त्यांनी 12 खळग्यांचा ट्रे करून दिला, सगळे खळगे भरले की पिशवीत ओतायचं, झालं. बसचं पण तसंच, आठ दिवस मी सोबत गेले, मग मागच्या सीटवर बसले, मग स्टॉपवरच थांबले. घरापासून 100 किलोमीटरपर्यंतचा सवलतीचा अपंग पास काढा, मुलींना कर्नाटकात सरकारी साध्या बसला 2023 पासून तिकीटच नाही.

पहिले तीन महिने दर शनिवारी सुपरवायझरना फोन करायचा, तक्रार नसली तरी.