नको ते पत्ते टाका, बाकी आपोआप चालू?

इंदूरच्या आमच्या नेटवर्कवाल्यांमध्ये एक टीप वर्षानुवर्षं फिरते: राऊटरच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये (कुठली वाहतूक सोडायची, कुठली अडवायची याची यादी) नको असलेले आयपी पत्ते (यंत्रांचे नेटवर्कवरचे क्रमांक) तेवढे टाका, बाकीची वाहतूक आपोआप चालू राहते. यात चूक वाटण्यासारखं काहीच नाही. घरच्या राऊटरमधली ब्लॉक यादी साधारण अशीच वागते. ऑफिसांतल्या सिस्कोसारख्या राऊटरांवर मात्र गणित उलटं आहे.

राऊटर यादी वरून खाली वाचतो. पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, जी ओळ आधी जुळली, तिचाच निर्णय. पुढच्या ओळी तो बघतही नाही. आणि एकही जुळली नाही तर? यादीच्या शेवटी न दिसणारी एक ओळ असते: सगळ्यांना मनाई.

रामबागेतल्या एका ऑफिसात मी 192.168.10.25 या एकाच पत्त्याला 'डिनाय' (मनाई) लिहून यादी इंटरफेसला, म्हणजे राऊटरच्या जोडणीला, लावली. पाच मिनिटांत अख्खा मजला माझ्या डोक्यावर उभा! खाली 'परमिट आयपी एनी एनी' (कुठूनही कुठेही जाऊ द्या) लिहिलं, तेव्हा कुठे सुटलो. (तीच ओळ डिनायच्या वर गेली असती, तर डिनाय नुसता शोभेला.)

पडताळायला 'शो अ‍ॅक्सेस-लिस्ट्स' ही कमांड द्या. ओळीपुढे किती पॅकेटं जुळली तो आकडा येतो. अदृश्य ओळीचा आकडा येत नाही. म्हणून सरावाच्या राऊटरवर परमिटच्या जागी 'डिनाय आयपी एनी एनी' स्वतः लिहा. तिचा आकडा चढताना दिसेल.