शिडाच्या होड्यांतून काळी नदी: सहलीची तारीख तिथीवर का ठरते?

"रविवारी सहल का ठेवत नाही?" फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींना सुट्टी रविवारीच मिळते, हे आम्हाला कळतं. तरी कारवारला काळी नदीत आमच्या चार होड्या पंधरवड्यातून एकदाच, सप्तमी ते दशमीच्या दिवसांतच निघतात. असं का, ते नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

मलप्रभेच्या काठी वाढलेल्या माणसाला नदी एकाच दिशेने वाहते एवढंच ठाऊक असतं. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळायला जाते. काळी नदी जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगवते, पण ती जाते पश्चिमेला आणि कारवारला अरबी समुद्राला मिळते. तिथे मुखाजवळ दिवसातून दोनदा तिचं पाणी उलटं, वरच्या अंगाला चढतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस काठावर थबकतोच. वाहत आलेली नारळाची झावळी थोडा वेळ जागीच फिरते आणि मग आली त्याच वाटेने परत जायला लागते.

आमच्या होड्यांना इंजिन नाही. शीड, वल्हं आणि भरती-ओहोटी एवढ्यावरच चालायचं. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे 8, तिची पाऊणपट 6, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी 6 च्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला हाच हिशेब सव्वा अकरावर येतो. घड्याळाच्या काट्याला काटा जुळत नाही, पण दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते.

आता वारा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. अष्टमीला सकाळी ओहोटी आणि मतलई वारा दोन्ही समुद्राकडे, दुपारी भरती आणि खारा वारा दोन्ही नदीत वर. जाताना पाणी साथ देतं, येतानाही देतं. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो; उधाणासारखी ओढ नसते. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असले की आम्हाला हाच दिवस हवा असतो.

हा नियम आम्ही चुकून शिकलो. एका ग्रुपच्या आग्रहाखातर पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी 2 ला निघालो. ओहोटी जोरात खाली, वारा समोरून, मुखाजवळ उभ्या लाटा. मागे वळलो तोवर पाणी इतकं उतरलं होतं की एक होडी रेतीच्या पट्ट्यावर बसली. ढकलून हलेना. भरती येईपर्यंत, अंधार पडून गेल्यावरही, पाहुणे होडीतच बसून राहिले. कोणाला इजा झाली नाही, पण एक छोटी मुलगी आईला घट्ट धरून बसली होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवसापासून तारीख नदी ठरवते.

या रेतीशी एका मोठ्या माणसाचीही गाठ पडली होती. 1883 मध्ये रवींद्रनाथ टागोर कारवारात होते. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश होते. एका चांदण्या रात्री मंडळी होडीने नदीत वर गेली, एका गडाच्या पायथ्याशी उतरली, ओहोटीबरोबर मुखाशी परतली आणि तिथल्या रेतीवर उतरून पायीच घरी गेली.

आपला दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, शीड सोडतो, दामण (शिडाचा दोर) ओढून बांधतो, आणि कापड एकदा फडफडून गप्प होतं. तो आवाज थांबला की होडी चालायला लागली समजायचं. पुलाखालून जाताना डोलकाठी काढून आडवी ठेवतो. तेव्हा सगळ्यांनी खाली बसून राहायचं, ही विनंती नव्हे, अट आहे. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात बायका पायाने चाचपून तिसऱ्या (खायचे शिंपले) काढताना दिसतील. त्यांचं काम चालू असतं, फोटो विचारून काढा. पाणी फिरेपर्यंत मुखाजवळ सदाशिवगडासमोर थांबतो, तिथेच जेवण: भात, बांगड्याचं हुमण, शाकाहारींसाठी वेगळी भाजी. मग भरतीबरोबर खारफुटीच्या कडेने वर.

होड्या लाकडी आहेत, दर वर्षी काजूच्या टरफलांचं तेल लावतो. पहिल्या फेऱ्यांत वास येतो. डोकं दुखणाऱ्यांनी आधी सांगावं, वाऱ्याच्या बाजूला जागा देऊ.

बेळगावहून अणशी घाट उतरून यायला चार-साडेचार तास लागतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच कारवारला मुक्कामाला या. लाईफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येत असलं तरी. टोपी आणि लवकर वाळणारे कपडे आणा. वारा पडला तर वल्हवावं लागतं, उशीर होतो. त्याच दिवशी रात्रीची रेल्वे पकडायचा बेत ठेवू नका. सहली दसऱ्यानंतर होळीपर्यंतच. पावसाळ्यात कद्रा धरणातून पाणी सुटतं, तेव्हा कितीही पैसे दिले तरी होडी काढत नाही. सकाळी तांडेलाने नको म्हटलं तर सहल रद्द, आणि पूर्ण पैसे परत.

बुकिंगला फोन कराल तेव्हा दिनदर्शिका जवळ ठेवा. वार नको, तिथी सांगा.